सुगीचे पंचांग आणि विजेचे देयक

जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली कारभाराविषयी आपल्या मनात ममत्व असण्याचे काहीएक कारण नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे ओढून जाळली ती ज्या कर्जाच्या जाचामुळे, त्या कर्जाचे एक मूळ सरकारसाऱ्याच्या तगाद्यात होते, आणि १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ उगारला त्याच्या टप्प्यात हाही कारभार होताच. तरीही त्या निष्ठुर कारभाराला एक साधी गोष्ट उमगलेली होती, ती अशी की सारा भरावयाचा तो पिकातून, आणि पीक काही दरमहा घरात येत नाही. म्हणून साऱ्याचे हप्ते सुगीच्या बेताने ठरविले जात. पिकाची आणेवारी उतरली तर वसुली पुढील सालावर ढकलली जाई, तिला तहकुबी म्हणत. आणि आपत्ती लागोपाठ कोसळली तर तहकूब केलेली रक्कमच सोडून दिली जाई, तिला सूट म्हणत. पीक चार आण्यांच्या आत आले की वसुली तहकूब व्हावी, हा नियम सरकारच्याच दप्तरात होता, आणि १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी जो सत्याग्रह केला तो नवा हक्क मागण्यासाठी नव्हता, सरकारने स्वतःचाच नियम पाळावा एवढ्यासाठी होता. नियम होता म्हणून तो पाळण्याचा आग्रह धरता आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे सारे आठवण्याचे निमित्त विजेचे देयक आहे. आज खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांच्या कडेकडेच्या निर्धन कुटुंबाकडे राज्यव्यवस्थेचे जे मागणीपत्रक नियमाने येते ते जमीनमहसुलाचे नव्हे, कारण त्याच्यापाशी जमीनच नसते. ते येते विजेचे. दरमहा येते, ठरलेल्या तारखेला भरावे लागते, मुदत टळली की त्यावर व्याज चढते, आणि ते ज्याच्या दारावर चिकटवले जाते त्या मनुष्याचे उत्पन्न मात्र दरमहाचे नसते. रोजंदारीवाल्याचे ते दिवसाचे असते, कापूस वेचणाऱ्या बाईचे हंगामाचे असते, वीटभट्टीवरच्या कुटुंबाचे आठ महिन्यांचे, आणि ऊसतोड कामगाराचे तर वर्ष सुरू होण्यापूर्वीच उचलीच्या रूपाने खर्च होऊन गेलेले असते. गरिबाच्या घरखर्चातील विजेचा आणि इंधनाचा भार हलका करण्याच्या ज्या योजना आपण गेली तीस-पस्तीस वर्षे आखीत आलो आहोत, त्यांचा मूळ दोष मला असा दिसतो की त्यांनी गरिबाच्या मिळकतीची रक्कम विचारात घेतली, तिचे पंचांग घेतले नाही.

बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दसऱ्याच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जाऊन पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडावयाची असते. मागे राहते ते घर, कित्येकदा कुलूप लागलेले. त्या घरात सहा महिने दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, मीटरचा आकडा जागचा हलत नाही. परंतु देयक निघतच राहते, कारण देयकात विजेच्या किमतीखेरीज ‘स्थिर आकार’ नावाची एक बाब आहे, आणि ती नावाप्रमाणेच स्थिर आहे. साध्या एकफेज घरगुती जोडणीला हा आकार महिन्याला सव्वाशे रुपयांच्या घरात पडतो. त्यावर शेकडा सोळा वीज शुल्क. म्हणजे एक युनिटही न जाळता, टोळी पाडव्याच्या सुमारास परत येईतो पावणेनऊशे रुपयांच्या आसपास रक्कम नावावर चढलेली असते, आणि वर व्याज. मीटर कुलपाच्या आत असला तर मागील वापरावरून सरासरीने आकारलेले युनिटही त्यात मिसळतात, आणि मग ते दुरुस्त करून घेण्यासाठी उपविभागाच्या कचेरीत खेटे घालण्याचे काम उरते, ज्याचा रोजगार त्या दिवशी बुडतो तो वेगळाच.

२००३ च्या विद्युत अधिनियमाच्या छप्पन्नाव्या कलमाने वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक केली आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू सरळ होता. पण जे कुटुंब तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात कोपी घालून राहिले आहे त्याच्या गावच्या दारावर लावलेल्या नोटिशीचे पंधरा दिवस कोणी मोजावयाचे? टोळी परतते तेव्हा वायर कापलेली असते, किंवा मीटरच काढून नेलेला असतो. वीज कंपनीच्या भाषेत अशा जोडणीला ‘पीडी’ म्हणतात, म्हणजे कायमस्वरूपी खंडित. तारेवर आकडा टाकणाऱ्यांविषयी आपण शहरात बसून फार तावातावाने बोलतो, आणि चोरी ती चोरी यात मला शंका नाही. परंतु त्या आकड्यांतले काही या कापलेल्या वायरीपाशी जन्मलेले असतात, हे वायरमनला ठाऊक असते आणि हिशेब तपासणाऱ्याला नसते.

सरकारने गरिबासाठी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८८-८९ मध्ये ‘कुटीर ज्योती’ आली आणि दारिद्र्यरेषेखालील झोपडीत एक दिव्याची जोडणी मिळू लागली. २०१७ च्या सप्टेंबरात ‘सौभाग्य’ आली आणि उरल्यासुरल्या घरांपर्यंत तारा पोचविण्याचा मोठा उद्योग झाला. महाराष्ट्रात २०२१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ‘जीवनप्रकाश योजना’ निघाली. तीत अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, घेऊन जोडणी देण्याची तरतूद होती. हे नाव केवळ शोभेपुरते नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांकडे वीजविषयक धोरणही होते, आणि वीज विपुल व स्वस्त असल्यावाचून या देशाचे औद्योगिकीकरण, आणि म्हणून दारिद्र्यातून सुटका, शक्य नाही हा विचार त्यांनी तेव्हाच मांडला होता. विपुल आणि स्वस्त या दोन विशेषणांपैकी पहिल्यामागे आपण पुष्कळ धावलो.

हे औदार्य एका टोकाचे. दुसऱ्या टोकाला अभय योजना असतात. २०२२ साली विलासराव देशमुखांच्या नावाने एक झाली, २०२४ साली आणखी एक झाली. दोन्हींचा सारांश असा की ज्याची वीज कायमची तोडली गेली आहे त्याने मूळ थकबाकी भरावी, व्याज आणि विलंब आकार माफ. म्हणजे जोडणी घेताना शासन हात देते, आणि सारे संपल्यावर, मीटर गेल्यावर, पुन्हा एकदा हात देते. मधल्या काळात, जेव्हा मनुष्य दरमहा धडपडत असतो, शेळी विकून किंवा बचत गटातून उसने घेऊन देयक भरीत असतो, तेव्हा त्याच्यासाठी काही नाही. ज्याने पोटाला चिमटा घेऊन भरले त्याला सवलत शून्य आणि ज्याने सोडून दिले त्याला व्याजमाफी, असा या रचनेचा शिकवण्याचा भाग आहे, आणि गरीब मनुष्य असल्या गोष्टी फार लवकर शिकतो. तहकुबी आणि सूट यांमध्ये जुन्या महसूल खात्याने जो क्रम राखला होता, आधी थांबवणे आणि मग गरज पडल्यास सोडणे, तो क्रम येथे उलटा झाला आहे. थांबवण्याची पायरीच नाही, थेट तोडणे आहे आणि नंतर क्षमा आहे.

आता दराकडे वळू. २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणात एक सुंदर कल्पना आहे, आणि सरकारी कागदांत सुंदर कल्पना विरळा सापडतात म्हणून तिचा उल्लेख आदराने करावा: प्रत्येक घराला दररोज किमान एक युनिट वीज ही जगण्याची गरज मानून २०१२ पर्यंत मिळावी. पुढच्याच वर्षीच्या दरविषयक धोरणाने, महिन्याला तीस युनिटांच्या आत राहणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला सवलतीचा दर द्यावा असे सांगितले. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत याच हिशेबाने वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा आली. येथवर ठीक. परंतु त्याच आदेशांच्या तपशिलात असेही वाचावयास मिळते की वर्षअखेर ज्याचा वापर ३६० युनिटांच्या वर गेला तो ग्राहक दारिद्र्यरेषेखालील वर्गातून सर्वसाधारण घरगुती वर्गात जाईल, आणि एकदा तिकडे गेला की पुन्हा या वर्गात येऊ शकणार नाही. किमान म्हणून कल्पिलेली मात्रा अशी कमाल होऊन बसली. ज्याला आपण आधाराची पायरी म्हणत होतो ती एका बाजूनेच उघडणारे दार निघाली.

एक युनिट म्हणजे किती, हे देयक भरणाऱ्या सुखवस्तू माणसाला सहसा माहीत नसते, म्हणून सांगतो. साधा छताचा पंखा सुमारे पंचाहत्तर वॉटचा असतो. तो सोळा तास फिरला की सव्वा युनिटाच्या जवळ जातो. नऊ वॉटचे दोन दिवे पाच तास लावले तर युनिटाचा दहावा हिस्साही होत नाही. म्हणजे प्रश्न दिव्याचा राहिलेलाच नाही. प्रश्न पंख्याचा आहे. २००५ साली ज्यांनी रोज एक युनिट ठरवले त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पिवळा बल्ब होता. आज चंद्रपुरात मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो, पत्र्याच्या छपराखाली रात्री दोन वाजतासुद्धा भिंत तापलेली असते, आणि अशा घरात तान्हे मूल किंवा दमेकरी म्हातारी असेल तर पंखा ही चैन आहे असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तिने कूलर लावला, म्हणजे वर्षाच्या हिशेबात ३६० ओलांडले, म्हणजे ती कागदोपत्री गरीब उरली नाही. आणि चंद्रपूर हे तेच गाव की ज्याच्या वेशीवर २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे. साऱ्या राज्याच्या विजेसाठी कोळसा जळतो तेथे, राख उडते तेथे, आणि वीज जपून वापरण्याचा उपदेशही तेथल्याच पत्र्याखाली ऐकू येतो. हे आपल्या इतिहासात नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली घालण्याचे ठरले आणि १९२१ साली सेनापती बापटांना त्यांच्यासाठी उभे राहावे लागले, तेव्हापासून विजेचा उजेड एकीकडे आणि किंमत दुसरीकडे अशी वाटणी चालत आली आहे.

विलायतेत हा विषय थंडीच्या अंगाने उभा राहिला. ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने १९९१ साली ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या नावाचा ग्रंथ लिहून, घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी ज्या कुटुंबाला आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक खर्चावा लागेल ते इंधनदरिद्री, अशी व्याख्या रूढ केली. अमेरिकेत १९८१ पासून केंद्र सरकार राज्यांना याच कामासाठी निधी देत आले आहे. तेथे हिवाळा हा मोजण्याचा ऋतू. आपल्याकडे मोजावयाचा ऋतू वैशाख आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यात तोच हाताला काम नसण्याचा ऋतूही आहे.

दरांच्या टप्प्यांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि पुढच्या दोनशेंना त्याच्या दुपटीहून अधिक, अशी जी महाराष्ट्रातली रचना आहे तिच्यामागे गृहीत असे की जो कमी वापरतो तो गरीब आणि जो अधिक वापरतो तो श्रीमंत. हे गृहीत अर्धेच खरे आहे. नवी मुंबई किंवा पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी घरमालक एकाच मीटरवर चार-चार खोल्या चालवितो. बाहेरगावचे भाडेकरू मालकाला दर ‘पॉइंट’ला ठरावीक रक्कम देतात, आणि त्या चारही कुटुंबांचा वापर एका मीटरवर साचून वरच्या टप्प्यात चढतो, तेव्हा चार गरीब कुटुंबे एका श्रीमंताचा दर भरतात. उलट ज्याचे पुण्यात घर आहे आणि जो वर्षातले दहा महिने मुलाकडे परदेशात असतो, त्याचे रिकामे घर दराच्या कोष्टकात दरिद्री ठरते. मीटर मोजतो तो उंबरठा. माणसे तो मोजीत नाही. ज्या घरात आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि पाच मुले एकत्र नांदतात त्याला आपले धोरण नकळत विभक्त होण्याचा सल्ला देते, निदान दोन मीटर घेण्याचा तरी.

विजेइतकेच, किंबहुना बाईच्या दृष्टीने विजेहून मोठे, प्रकरण स्वयंपाकाच्या इंधनाचे आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे ‘उज्ज्वला’ सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीवी जोडणी आपल्याच औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, समारंभपूर्वक दिली गेली. इतक्या अल्पावधीत इतक्या चुलींपर्यंत गॅस पोचविणे हे काम खरोखर प्रचंड होते, आणि ज्यांनी गोवऱ्यांच्या धुरात डोळे चोळीत भाकऱ्या थापणारी आई पाहिली आहे त्यांना त्याचे मोल सांगावे लागत नाही. पण त्याच २०१९-२० सालात उज्ज्वलाच्या एका घरात सरासरी तीनच टाक्या भरल्या गेल्या. पुढे केंद्राने टाकीमागे आधी दोनशे आणि नंतर तीनशे रुपये अनुदान दिल्यावर हा आकडा चढत चढत २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास आला. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या बेताच्या कुटुंबाला वर्षाला सात-आठ टाक्या तरी लागतात. तेव्हा उरलेली भाकरी पऱ्हाटीवर, पाचटावर आणि सरपणावरच भाजली जाते, आणि लाल टाकी कोपऱ्यात, क्वचित फडक्याने झाकून, पाहुण्यांच्या चहासाठी उभी असते.

याचे कारण केवळ किंमत नव्हे. पूर्वी रास्तभाव दुकानात किंवा वाण्याकडे रॉकेल पाव लिटरही मिळत असे; ज्या दिवशी हातात दहा रुपये त्या दिवशी दहा रुपयांचे रॉकेल. गरीब मनुष्य सगळेच असे सुटे विकत घेतो, तेल असो, साखर असो, चहाची पुडी असो, आणि सुटे घेतल्याने महाग पडते हे त्याला आपल्याहून अधिक कळते, पण एकरकमी पैसा हाती नसणे यालाच तर गरिबी म्हणतात. रॉकेलचे अनुदान २०१६ पासून पैशापैशाने आटवत नेले गेले आणि धुराच्या व आगीच्या दृष्टीने ते योग्यही झाले, परंतु त्याच्या जागी जी टाकी आली ती पाव लिटर मिळत नाही. ती घ्यावयाची तर आठ-नऊशे रुपये एकाच दिवशी मोजावे लागतात. अनुदान मिळते, पण मागाहून, बँकेच्या खात्यात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ‘मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना’ काढून वर्षाला तीन टाक्या मोफत केल्या, त्यांचाही शिरस्ता हाच: आधी लाभार्थी बाईने पूर्ण पैसे भरावे आणि नंतर ते तिच्या खात्यावर यावे. ज्या घरात आठशे रुपये आधी भरण्याची ताकद नाही त्याच घरासाठी ही योजना आहे, आणि जिच्यापाशी ती ताकद आहे तिलाच ती पुरती वापरता येते. गळती थांबावी म्हणून थेट खात्याची पद्धत आली, हे मला मान्य आहे. मग अनुदानाची रक्कम टाकी देतानाच वजा करून वितरकाला शासनाने द्यावी. ओळख पटवण्याची साधने आता वितरकाच्या हातातल्या यंत्रातही आहेत. आणि पाच किलोची लहान टाकी, जी कागदावर उपलब्ध आहे, ती खेड्यातल्या गाडीवर प्रत्यक्ष दिसावी.

फुकट विजेची मागणी आता सर्वत्र आहे. दिल्लीने २०१९ मध्ये दोनशे युनिटांपर्यंतचे देयक माफ केले, कर्नाटकाने २०२३ मध्ये तशीच ‘गृहज्योती’ लावली. आपल्याकडे २०२० च्या आरंभी शंभर युनिटे मोफत देण्याचा मनोदय ऊर्जामंत्र्यांनी बोलून दाखवला आणि तो बोलण्यातच राहिला. त्याच उन्हाळ्यात टाळेबंदीनंतरची तीन-तीन महिन्यांची एकत्रित देयके लोकांच्या हाती पडली तेव्हा राज्यभर जो संताप उसळला तो सर्वांच्या स्मरणात असेल. मला फुकट या शब्दाचे भय वाटते ते नीतीच्या कारणाने नव्हे, अनुभवाच्या कारणाने. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना वीज मोफत झाली आणि निवडणूक होऊन वर्ष उलटण्याच्या आत ती मोफत राहिली नाही. जी सवलत एका भाषणाने येते ती एका टिप्पणीने जाते. विद्युत अधिनियमाचे पासष्टावे कलम सांगते की सवलत द्यावयाची तर सरकारने तिची रक्कम आगाऊ भरावी. हे कलम जेवढे पाळले जाईल तेवढीच सवलत खरी. आणि आणखी एक गोष्ट, जी बोलून दाखवणे लोकप्रिय नाही: २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. पंप त्याच्यापाशी असतो ज्याच्यापाशी विहीर असते, आणि विहीर त्याच्यापाशी ज्याच्यापाशी जमीन. त्याच शेतावर निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईच्या घरातला एक पंखा मात्र स्थिर आकारासकट देयकाच्या रांगेत उभा आहे. शेतकऱ्याला दिलेले मागे घ्या असे मी म्हणत नाही. मजुराला विसरू नका असे म्हणतो.

छतावरच्या सौरपत्र्यांची योजना, २०२४ ची ‘पीएम सूर्यघर’, एका किलोवॉटला तीस हजार, दोनांना साठ आणि तीनांना अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान देते, आणि राज्याने अगदी गरिबांसाठी एका किलोवॉटची वेगळी योजनाही जोडली आहे. एक किलोवॉट महिन्याला शंभराहून थोडी अधिक युनिटे देतो, म्हणजे गरिबाचे देयक जवळजवळ पुसले जाते. ज्याला स्वतःचे पक्के छत आहे त्याने ही संधी दवडू नये. भाड्याच्या खोलीला आणि गळक्या पत्र्याला मात्र या योजनेत जागा नाही, आणि दारिद्र्याचा मोठा भाग तेथेच राहतो.

आगाऊ पैसे भरून वीज घेण्याच्या मीटरांवरून मध्यंतरी बराच गदारोळ झाला आणि २०२४ च्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असे सरकारने जाहीर केले. या प्रश्नावर माझे मत दुभंगलेले आहे. पन्नास रुपयांची वीज घेता येणे ही पाव लिटर रॉकेलाची सोय परत येण्यासारखी आहे, आणि देयक साचण्याचा प्रकारच त्यात उरत नाही. पण पैसे संपले की वीज आपोआप जाते, नोटीस नाही, वायरमनपाशी रदबदली करण्याची सोय नाही, आणि घरातल्या अंधाराची कोठेच नोंद होत नाही. कापलेली वायर निदान मोजता येते.

मग करावे काय? माझ्या मते पहिली गोष्ट ही की ज्या महिन्यात लहान घरगुती ग्राहकाचा वापर शून्य, त्या महिन्यात त्याचा स्थिर आकार तहकूब व्हावा, आणि वर्षाचा हिशेब होताना वापर मर्यादेच्या आत राहिला असेल तर तो सुटावा. दुसरी, शंभर युनिटांचा टप्पा महिन्याने न मोजता वर्षाने मोजावा. बाराशे युनिटे वर्षाची, मग ती वैशाखात अधिक वापरा की पौषात कमी. याने उन्हाळ्यातले देयक दुप्पट दराच्या पायरीवर चढणार नाही. तिसरी, ३६० ची मर्यादा पंख्याच्या हिशेबाने वाढवावी, आणि जो एकदा बाहेर गेला त्याला परत येण्याचे दार उघडे ठेवावे. सुरक्षा ठेवीची वाढीव मागणी, जी आता दोन महिन्यांच्या सरासरी देयकाइतकी धरली जाते, ती उन्हाळ्यात काढू नये. आणि पंख्याबद्दल: २०१५ साली ‘उजाला’ योजनेत एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे एलईडी दिव्याचा खरेदीदर ३१० रुपयांवरून दोनेक वर्षांत ३८ रुपयांवर आला होता. आज बाजारात तीस-पस्तीस वॉटवर चालणारे पंखे आहेत, साध्याच्या निम्म्याहून कमी विजेवर तेवढाच वारा देणारे, फक्त त्यांची किंमत जवळजवळ दुप्पट आहे. दरवर्षी सवलतीवर जो पैसा जातो त्यातला थोडा एकदाच या पंख्यांच्या एकगठ्ठा खरेदीवर खर्चला तर पत्र्याखालचे ते घर तीस युनिटांच्या पुष्कळ जवळ येईल, आणि कोणाला उकाड्यात बसवूनही ठेवावे लागणार नाही.

यावर अधिकारीवर्गाची हरकत ठरलेली आहे: एवढा हिशेब ठेवावयाचा कोणी? शंभर वर्षांपूर्वी तलाठी पिकाची आणेवारी डोळ्यांनी पाहून वहीत लिहीत असे आणि त्यावरून गावचा हप्ता तहकूब होई. आज वीज कंपनीच्या संगणकात प्रत्येक घरगुती ग्राहकाचा दर महिन्याचा वापर आधीच नोंदलेला आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले आहे, आणि कामगारांची नोंद घेऊन ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकाकडे आहे. टोळी निघण्यापूर्वी ती नोंद वीज उपविभागाच्या दप्तरी पोचावी, आणि टोळी परतल्याचा दाखला ग्रामसेवकानेच पाठवावा. त्यासाठी एक शासन निर्णय पुरे आहे, आणि तो दसऱ्यापूर्वी निघाला तर येत्या हंगामालाच लागू होईल.